टॉर्चचा रिपोर्ट बाजूला ठेवा, बाळाचे पहिले एकवीस दिवस सांभाळा

वैराग हे बार्शी–सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बाया तपासणीला इथे येतात आणि पुढे गरज पडली तर बार्शी किंवा सोलापूर गाठतात. या फेऱ्यांमध्ये अनेकींच्या पिशवीत एक रिपोर्ट असतो, 'टॉर्च'चा. आधी एखादा गर्भपात झाला असेल, तर तो असतोच असतो. टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो आणि हर्पीस या चार संसर्गांच्या नावांपुढे आकडे छापलेले असतात. त्यात 'सीएमव्ही आयजीजी' या ओळीपुढे ठळक अक्षरात 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं दिसतं आणि घराचा जीव टांगणीला लागतो. "काय निघालं?" असं सासू विचारते, नवरा मोबाइलवर शोधायला लागतो. तिथे मतिमंदत्व, बहिरेपण, अंधत्व असे शब्द वाचून रात्रीची झोप उडते.

या लेखाचा हेतू एवढाच आहे की भीती जिथे नको तिथून ती काढावी आणि काळजी जिथे हवी तिथे ती घ्यावी. सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, खरोखर बाळांचं नुकसान करतो. पण आपल्याकडे हे नुकसान बहुतेक वेळा त्या 'पॉझिटिव्ह' शब्दात दिसत नाही. ते जन्मलेल्या बाळाच्या कानात हळूहळू होत राहतं आणि लक्षात येईपर्यंत पोर दोन वर्षांचं झालेलं असतं.

हा विषाणू आहे तरी काय?

सीएमव्ही हा कांजिण्या आणि ओठावरच्या जराच्या विषाणूंचा भाऊबंद आहे. 1956–57 च्या सुमारास अमेरिकेत मार्गारेट स्मिथ, वॉलेस रो आणि थॉमस वेलर या तिघांनी आपापल्या प्रयोगशाळांत तो स्वतंत्रपणे वेगळा केला. यातले वेलर हे पोलिओचा विषाणू प्रयोगशाळेत वाढवल्याबद्दल 1954 साली नोबेल मिळालेल्या तिघांपैकी एक. सीएमव्हीने पछाडलेल्या पेशी प्रचंड फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मधोमध गडद ठिपका आणि भोवती पांढरं कडं दिसतं. डॉक्टर त्याला घुबडाचा डोळा म्हणतात.

माणसाला होणाऱ्या हर्पीस कुळातल्या विषाणूंमध्ये याचा जनुकसंच सर्वांत मोठा आहे, सुमारे 2 लाख 35 हजार अक्षरांचा. त्यातला बराच भाग आपल्या प्रतिकारशक्तीला चकवण्याच्या कामी येतो. त्यामुळे तो एकदा शरीरात शिरला की जन्मभर राहतो. बहुतेक वेळ निपचित पडून असतो, अधूनमधून जागा होतो आणि लाळ, लघवी, आईचं दूध, वीर्य, योनीस्राव यांतून बाहेर पडतो. धडधाकट माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. फार तर चार-आठ दिवस कणकण, घसादुखी, थकवा जाणवतो आणि आपण तो 'व्हायरल' म्हणून सोडून देतो.

आपल्या देशात बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. एका ताटात जेवणारी भावंडं, एकाच पेल्यातलं पाणी, लाळ गळणाऱ्या तान्ह्याचे मुके हे त्याचे नेहमीचे रस्ते. गरोदर वयात येईपर्यंत भारतात नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रियांना तो होऊन गेलेला असतो. म्हणजे रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह येणं हीच आपल्याकडची सर्वसाधारण गोष्ट आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा?

आयजीजी आणि आयजीएम ही रक्तातली दोन प्रतिपिंडं. आयजीजी ही सातबाऱ्यावरच्या जुन्या नोंदीसारखी असते. व्यवहार कधीतरी झाला एवढं तिच्यावरून कळतं, आज काय चाललं आहे ते कळत नाही. तेव्हा रिपोर्ट हातात आला की पुढचा क्रम लक्षात ठेवा.

आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह : संसर्ग पूर्वी होऊन गेला. याला औषध नाही आणि गरजही नाही. आयजीजीचा आकडा मोठा दिसला म्हणून आजार मोठा होत नाही. तो आकडा खाली आणण्यासाठी गोळ्या घेण्यात काही अर्थ नाही.

दोन्ही निगेटिव्ह : तुम्हाला हा संसर्ग अजून झालेला नाही. पुढे सांगितलेली स्वच्छता सर्वांत काटेकोरपणे तुम्ही पाळायची आहे.

आयजीएम पॉझिटिव्ह : इथे घाई नको. नवा संसर्ग झाला की आयजीएम वाढतं हे खरं, पण ते कित्येक महिने टिकूही शकतं, जुना विषाणू जागा झाला तरी दिसतं आणि कधी दुसऱ्याच एखाद्या संसर्गामुळे चुकीचंही येतं. एकट्या आयजीएमवर कोणताही मोठा निर्णय घ्यायचा नसतो. यापुढची तपासणी म्हणजे 'आयजीजी अ‍ॅव्हिडिटी'. ती पहिल्या तीन महिन्यांत जास्त आली, तर संसर्ग गरोदरपणाच्या आधीचा. कमी आली, तर गेल्या तीन-चार महिन्यांतला असण्याची शक्यता असते. अशा वेळी वाढीची नीट सोनोग्राफी आणि गरज पडल्यास गर्भजलाची तपासणी करतात. गर्भजल वीस आठवड्यांनंतर आणि संसर्गाला किमान आठ आठवडे उलटल्यावर तपासलं, तरच त्या तपासणीवर भरवसा ठेवता येतो.

मुंबईच्या सायन इथल्या लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी आधी गर्भपात किंवा मूल दगावण्याचा इतिहास असलेल्या 380 गरोदर स्त्रियांचं रक्त तपासून 2003 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात 8.42 टक्के स्त्रिया सीएमव्हीच्या आयजीएमसाठी पॉझिटिव्ह आढळल्या. असे आकडे पाहिले की आपला गर्भपात यामुळेच झाला असं वाटणं साहजिक आहे. पण रक्तात खूण सापडणं वेगळं आणि तेच कारण असणं वेगळं. पुन्हा पुन्हा होणाऱ्या गर्भपातांचं कारण शोधायला टॉर्चची चाचणी उपयोगाची नाही, असं ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे. दर गरोदरपणात टॉर्च करून घेण्याऐवजी तेच पैसे थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि चांगल्या सोनोग्राफीवर खर्च करा. 'टॉर्च पॉझिटिव्ह निघालं' एवढ्याच आधारावर कुणी गर्भ पाडण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेतल्याशिवाय पाऊल उचलू नका.

आईला आधीच होऊन गेलं, मग बाळ सुरक्षित?

बराच काळ शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. गरोदरपणात पहिल्यांदाच संसर्ग झाला, तर तो बाळापर्यंत पोचण्याची शक्यता 30 ते 40 टक्के असते. आधी होऊन गेलेल्या आईमध्ये ती एखाद-दुसऱ्या टक्क्यावर येते. फरक मोठा आहे. म्हणून भारतासारख्या देशात, जिथे जवळपास प्रत्येक आईला तो होऊन गेलेला आहे, तिथे या रोगाची फारशी चिंता नाही असा समज रूढ झाला.

दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी हा समज तपासून पाहिला. दिल्लीजवळच्या निमशहरी भागातल्या 423 नवजात बाळांची तपासणी करून त्यांनी 2008 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. जवळजवळ सगळ्या आया आयजीजी पॉझिटिव्ह होत्या, तरी 9 बाळं जन्मतःच संसर्ग घेऊन आली होती. हे प्रमाण 2.1 टक्के भरतं. श्रीमंत देशांत हेच प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतं. ब्राझीलमधल्या अभ्यासांतही असंच चित्र दिसलं. आईच्या शरीरातला जुना विषाणू गरोदरपणात जागा होतो, किंवा घरातल्या लहान मुलाकडून त्याच विषाणूचा वेगळा प्रकार तिला नव्याने लागतो. दोन्ही वाटांनी तो वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. एकेका आईचा धोका थोडा असला, तरी अशा आयाच एवढ्या आहेत की बाळांची एकूण संख्या मोठी होते.

याचा घरापुरता अर्थ असा. आयजीजी पॉझिटिव्ह आल्यावर घाबरायचं कारण नाही, तसंच 'मला होऊन गेलंय' म्हणून निर्धास्त व्हायचंही नाही. आईच्या रक्ताच्या रिपोर्टवरून बाळाचं भविष्य ठरत नाही. बाळाला संसर्ग आहे का, हे बाळाचीच तपासणी करून कळतं.

हिशेब करून पाहू. एम्सचं प्रमाण धरलं तर हजार जन्मांमागे सुमारे वीस बाळं संसर्ग घेऊन येतात. त्यातल्या दोन-तीन बाळांनाच जन्मतः लक्षणं दिसतात. या लक्षणं असलेल्या बाळांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना पुढे ऐकण्याचा किंवा वाढीचा त्रास राहतो. उरलेली सतरा-अठरा बाळं दिसायला गुटगुटीत असतात, मात्र त्यांतल्याही शंभरात दहा ते पंधरा मुलांचं ऐकणं पुढे कमी होतं. म्हणजे दोनेक मुलं. बाकीच्या बहुतेकांना काहीही होत नाही.

गरोदरपणात घरात काय पाळायचं?

विषाणूचा मोठा साठा असतो तीन वर्षांखालच्या मुलांच्या लाळेत आणि लघवीत. एकदा संसर्ग झालेलं लहान मूल महिनोन्महिने तो बाहेर टाकत राहतं आणि वरून ठणठणीत दिसतं. दुसऱ्यांदा गरोदर असलेली आई, लहान पुतण्या-भाचरांना सांभाळणारी सून, अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस यांनी हे लक्षात ठेवायचं.

इटलीत एक अभ्यास झाला. लहान मुलांशी रोजचा संबंध असलेल्या आणि संसर्ग न झालेल्या गरोदर स्त्रियांच्या एका गटाला स्वच्छतेच्या साध्या सूचना समजावून सांगितल्या, दुसऱ्या गटाला त्या मिळालेल्या नव्हत्या. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सूचना मिळालेल्यांत 1.2 टक्के स्त्रियांना संसर्ग झाला आणि दुसऱ्या गटात 7.6 टक्क्यांना. यात एक रुपयाचंही औषध नव्हतं.

आपल्या घरात या सूचना अशा बसवता येतील :

1. पोराचं उष्टं संपवू नका. ताटात राहिलेला वरणभात आईने खायचा ही आपल्याकडची रीत. अन्न वाया जाऊ नये हा विचार बरोबरच आहे, पण गरोदरपणापुरतं पोराला थोडं थोडं वाढा आणि उरलेलं दुसऱ्या कुणाला संपवू द्या.

2. घास तोंडाने फुंकून किंवा स्वतःच्या दाताने चावून भरवणं सोडा. चमचा, पेला, पाण्याची बाटली वेगळी ठेवा. खाली पडलेली चोखणी तोंडात घालून साफ करू नका.

3. मुका घ्यायचा तर कपाळावर किंवा डोक्यावर. ओठांवर आणि ओल्या गालांवर नको.

4. लंगोट किंवा डायपर बदलल्यावर, शेंबूड-लाळ पुसल्यावर, भरवून झाल्यावर, पोराची खेळणी उचलल्यावर साबणाने पंधरा-वीस सेकंद हात धुवा. साधा साबण पुरतो, महागडं जंतुनाशक आणायची गरज नाही.

5. मुलाचा दात घासायचा ब्रश आणि टॉवेल स्वतः वापरू नका.

पोराला जवळ घेणं, कुशीत झोपवणं, अंघोळ घालणं यात काही अडचण नाही. विषाणू हवेतून उडत येत नाही, त्यामुळे अंगणवाडीताईंनी काम सोडायचंही कारण नाही. पाण्याची टंचाई असली तरी हात धुण्यासाठी एक तांब्या बाजूला ठेवता येतो. घरातल्या मोठ्यांनीही एक समजून घ्यावं : सून पोराचं उष्टं खात नाही म्हणजे ती नखरे करते असं नव्हे.

जन्मानंतरचे एकवीस दिवस

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. बाळाला संसर्ग पोटात असतानाच झाला होता का, हे खात्रीने सांगता येतं ते पहिल्या तीन आठवड्यांतल्या नमुन्यावरून. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो पोटातला की नंतर दुधातून किंवा घरातून लागलेला, हे ओळखणं अवघड होतं. नंतरचा संसर्ग पूर्ण दिवसांच्या बाळाला सहसा काही करत नाही. म्हणून हा फरक कळणं महत्त्वाचं असतं. रिपोर्ट उशिरा आला तरी चालतो, पण नमुना एकवीस दिवसांच्या आत घेतलेला हवा.

तपासणी मागताना नेमकी मागा : बाळाच्या लघवीची किंवा लाळेची 'सीएमव्ही पीसीआर'. बाळाच्या रक्ताचा टॉर्च रिपोर्ट यासाठी कामाचा नाही. बाळाच्या रक्तातलं आयजीजी आईकडून आलेलं असतं आणि आयजीएम कित्येकदा संसर्ग असूनही दिसत नाही. लाळ घ्यायची तर दूध पाजल्यावर किमान एक तास थांबून, गालाच्या आतून बोळ्याने घेतात. आईच्या दुधातला विषाणू तोंडात राहिला तर रिपोर्ट चुकीचा पॉझिटिव्ह येऊ शकतो. त्यामुळे लाळेत सापडला तर लघवीवर खात्री करून घेतात. ही चाचणी गावात होत नसली, तरी नमुना गोळा करून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवणारी केंद्रं तालुक्याच्या ठिकाणी असतात. ती आधीच विचारून ठेवा.

प्रत्येक बाळाची ही चाचणी करा असं मी म्हणत नाही. पुढच्यापैकी काही दिसलं तर मात्र बालरोगतज्ज्ञांना स्वतःहून विचारा :

— बाळ दिवस भरूनही वजनाने फार कमी आहे, किंवा डोकं शरीराच्या मानाने लहान आहे.
— अंगावर लालसर-जांभळे बारीक ठिपके आहेत.
— कावीळ दोन आठवड्यांनंतरही उतरत नाही, लघवी गर्द पिवळी आणि शी पांढुरकी होते.
— यकृत-प्लीहा वाढली आहे, प्लेटलेट कमी आहेत, झटके येतात.
— सोनोग्राफीत मेंदूत चुन्याचे ठिपके किंवा पोकळ्या वाढलेल्या दिसल्या होत्या.
— जन्मानंतरच्या कानाच्या तपासणीत एक किंवा दोन्ही कान 'नापास' आले.
— गरोदरपणात नवा संसर्ग झाल्याची शंका होती.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि इथेच गोष्टी निसटतात. कागद सासरी, बाळ माहेरी, दवाखाना तिसरीकडे. पाचवी, बारसं, पाहुणे यांत पंधरा दिवस कसे गेले कळत नाही. यावर उपाय आपल्या दारातच आहे. आशाताई बाळाला पाहायला घरी येतात, त्याचे दिवस ठरलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सातव्या दिवसाच्या भेटीत त्यांना विचारा, "कानाची तपासणी झाली का? कागदावर लिहिलं आहे का?" झाली नसेल तर चौदाव्या दिवसाच्या आत करून घ्या. म्हणजे नापास आली तरी सीएमव्हीच्या नमुन्यासाठी आठवडा हातात राहतो. माहेरच्या गावच्या आशाताईंकडे बाळाची नोंद आधीच करून ठेवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड बाळासोबत ठेवा.

औषध आहे का?

आहे, पण सगळ्यांसाठी नाही. जन्मतः लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे औषध तोंडाने सहा महिने देतात. ते पहिल्या महिन्यात सुरू केलं, तर ऐकणं आणि वाढ यांत काही फायदा होतो असं अमेरिकेत झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. एकवीस दिवसांचा आग्रह धरण्याचं हेही एक कारण. औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरलेल्या दिवशी रक्त तपासावंच लागतं. डोस बाळाच्या वजनावर असतो, तेव्हा वजन वाढलं की डॉक्टरांकडून तो बदलून घ्या. घरात दुसरी कुणी गरोदर असेल तर तिने हे औषध हाताळू नये. ज्या बाळाला काहीच लक्षण नाही, त्याला निव्वळ पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून औषध देत नाहीत. त्याच्या कानांवर लक्ष ठेवतात.

गरोदर आईसाठी इस्राएलमधली एक चाचणी 2020 मध्ये गाजली. पहिल्या तिमाहीच्या आसपास नव्याने संसर्ग झालेल्या स्त्रियांना व्हॅलासायक्लोव्हिर रोज 8 ग्रॅम, एवढ्या भरघोस मात्रेत दिलं. बाळापर्यंत संसर्ग पोचण्याचं प्रमाण 30 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आलं. हे औषध जुन्या संसर्गासाठी नाही. एवढ्या मात्रेत मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय ते घेऊ नये.

कानाची राखण सहा वर्षांपर्यंत

या विषाणूची लबाडी अशी की जन्मतः कान उत्तम असलेल्या मुलाचंही ऐकणं पुढे उतरू शकतं, आधी एका कानाचं, मग दुसऱ्याचं. म्हणून संसर्ग निश्चित झालेल्या प्रत्येक मुलाची कानाची तपासणी पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी आणि पुढे शाळेत जाईपर्यंत ठरावीक अंतराने करत राहायची.

घरी थाळी वाजवून पाहण्यावर विसंबू नका. थाळी वाजवणारा हात बाळाला दिसतो, जमिनीचा हादरा त्याला जाणवतो, वाऱ्याची झुळूक लागते आणि ते दचकतं. आपण म्हणतो, "ऐकतंय की!" शिवाय एक कान बरा असला तरी ते वळून बघतं. खरी तपासणी 'ओएई' आणि 'बेरा' या यंत्रांनी होते. दोन्ही वेदनारहित आहेत, बाळ झोपेत असताना होतात. नियम सोपा आहे : एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि वाचा-प्रशिक्षण सुरू. सहा महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने वळत नसेल, वर्षाचं होऊनही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षात एकही अर्थाचा शब्द बोलत नसेल, तर "त्याचे बाबाही उशिराच बोलले" असं म्हणत वाट पाहू नका.

यासाठीची सरकारी वाट आपल्याच राज्यातून सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमध्ये झाला. जन्मजात बहिरेपण हा त्यातल्या तपासणीच्या यादीतला आजार आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, तिथल्या कान-नाक-घसा आणि बालरोग विभागांत विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग वाक् आणि श्रवण दिव्यांगजन राष्ट्रीय संस्था आहे. श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट यांसाठी केंद्राच्या एडिप योजनेची मदत मिळू शकते, मात्र इम्प्लांटसाठी वयाची अट असते. उशीर झाला की कान जातोच, आणि मदतही हातची जाते.

आईचं दूध बंद करायचं का?

नाही. संसर्ग होऊन गेलेल्या बहुतेक आयांच्या दुधात हा विषाणू उतरतो, पण पूर्ण दिवसांच्या बाळाला त्याने अपाय होत नाही. उलट त्याच दुधातून संरक्षणही मिळतं. रिपोर्ट पाहून कुणी पावडरचं दूध सुरू करायला सांगितलं, तर ऐकू नका. अपवाद एकच : फार अपुऱ्या दिवसांचं, दीड किलोहून कमी वजनाचं बाळ. त्याला दुधातून लागलेला संसर्ग त्रास देऊ शकतो, म्हणून अतिदक्षता विभागातले डॉक्टर आईचं दूध कसं द्यायचं ते ठरवतात. दूधपेढीतलं दूध साडेबासष्ट अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलेलं असतं, त्यात विषाणू मरतो. आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली.

आणखी कुणी जपायचं?

मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा बदललेले रुग्ण, जोराची केमोथेरपी घेणारे आणि एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती फार खालावलेले, यांच्यात निपचित पडलेला विषाणू उसळू शकतो. सततचा ताप, जुलाब, धाप, डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगणं किंवा नजरेचा एखादा कोपरा अंधारणं, यांतलं काही झालं तर त्याच दिवशी आपल्या तज्ज्ञांना कळवा. प्रत्यारोपणानंतर सुरू असलेलं प्रतिबंधक औषध बरं वाटतंय म्हणून मध्येच सोडू नका.

लस कधी येणार?

1970 च्या दशकापासून प्रयत्न चालू आहेत. 2009 मध्ये एका लसीने सुमारे 50 टक्के संरक्षण दाखवलं होतं, तेवढं पुरेसं ठरलं नाही. मॉडर्ना कंपनीच्या एमआरएनए लसीकडून मोठी आशा होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने तिसऱ्या टप्प्यातली चाचणी अपयशी ठरल्याचं जाहीर केलं आणि जन्मजात संसर्गासाठीचं काम थांबवलं. आपल्यासारख्या देशात, जिथे आधीच संसर्ग झालेल्या आयांच्या बाळांना धोका आहे, तिथे लसीचं काम आणखी कठीण आहे. लस नसली तरी काही ठिकाणी तपासणीची वाट धरली आहे : कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांताने 2019 पासून नवजात बाळांच्या नेहमीच्या तपासणीत सीएमव्ही घेतला, अमेरिकेतल्या मिनेसोटाने 2023 पासून.

आपल्याकडे असं काही जमणार नाही असं मानायचं कारण नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली. कार्यकर्ते गावोगावी फिरले, माणसांशी बोलले, रुग्ण शोधून काढले आणि त्या नोंदी जगभरच्या अभ्यासकांनी वापरल्या. त्याच चिकाटीने वैराग-बार्शी भागात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कानाची नोंद ठेवली, तर किती मुलांचं बहिरेपण या विषाणूमुळे येतं हे इथल्याच आकड्यांतून कळेल. ग्रामसभेत, महिला बचत गटाच्या बैठकीत आणि आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत ही मागणी करता येते.

तोवर घरी करण्यासारखं पुष्कळ आहे. गरोदर बाईला पोराचं उष्टं देऊ नका, आयजीजीच्या रिपोर्टवरून तिला बोल लावू नका आणि बारशाचा दिवस ठरवताना बाळाच्या कानाच्या तपासणीचा दिवसही ठरवा.